रात्री अडीचला खोकल्यातून रक्त आलं, सीएफवाल्यांनो तुम्ही अशा वेळी काय करता?

खारट_पोरगा (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी. मी २३ चा, सीएफ म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, जन्मापासूनचा आजार, फुफ्फुसात चिकट कफ साठतो, निदान झालं ११ व्या वर्षी. त्याआधी दोनदा टीबीचे पूर्ण कोर्स झालेले, थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता तरी एक्सरे बघून गोळ्या चालू. आमची आजी कधीपासून सांगत होती की या पोराचा मुका घेतला की मिठाचा खडा चाटल्यासारखं लागतं, पण घामातलं क्लोराइड (सीएफची तपासणी तीच) तपासायचं कोणाला सुचायला एवढी वर्षं गेली. असो, तो विषय नाही.

विषय असा की गेल्या मंगळवारी रात्री अडीचला जाग आली ती छातीत उजवीकडे वरती बुडबुड होत होती म्हणून. नळाला पाणी यायच्या आधी हवा कशी फुरफुरते, अगदी तसं. मग काहीतरी गरम वर चढलं, तोंडात लोखंडाची चव, बेसिनपर्यंत कसाबसा गेलो आणि थुंकलो तर लालभडक, फेसाळ, मध्ये हिरव्या कफाची एक तार. कफात रक्ताच्या रेघा मला आधी आल्यात, त्याचं आता काही वाटत नाही, पण हे वेगळंच होतं. तीन-चारदा आलं मग थांबलं. आई उठून आली, तिने आधी बेसिनचा नळ सोडून सगळं धुवून टाकलं, मग देवापुढे दिवा लावला, मग रिक्षा शोधायला बाबांना पाठवलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, किती आलं? आई म्हणाली वाटीभर. मी म्हणालो दोन चमचे. बाबा म्हणाले मी झोपलो होतो. डॉक्टर तिघांकडे बघत बसले.

आता ॲडमिट आहे, आज पाचवा दिवस, बेडवरूनच टाइप करतोय. सलाईनमधून दोन अँटिबायोटिक चालू आहेत, १४ दिवस म्हणालेत, रक्त थांबवायला ट्रॅनेक्सामिकच्या गोळ्या आहेत. थुंकी टीबीसाठी परत पाठवली, ती निगेटिव्ह आली, त्याला माझी हरकत नाही पण वॉर्डातल्या शेजारच्या बेडवाल्या काकू तेव्हापासून पदर नाकाला लावून बसल्यात. डॉक्टर म्हणाले परत जास्त आलं तर एम्बोलायझेशन करावं लागेल, म्हणजे रक्त येणारी धमनी आतून बंद करायची, मांडीच्या शिरेतून वगैरे. ऐकूनच पोटात गोळा आला.

तर मला विचारायचंय, कोणी एम्बोलायझेशन केलंय का, कसं असतं? दुसरं, मंगळवारपासून मी घाबरून ३ टक्के सलाईनचं नेब (मशीनमधून वाफ ओढायची) आणि फिजिओ (कफ काढायचे व्यायाम) दोन्ही स्वतःहूनच बंद ठेवलंय, डॉक्टरांना सांगितलेलं नाही, चुकलं का? आणि तिसरं म्हणजे मला आता खोकायचीच भीती वाटते, रात्री उशीला टेकून बसूनच झोपतो, हे कधी जातं?

---

सानूची_आई (नाशिकरोड)

अरे बाळा, आधी आईला सांग की दिवा लाव पण नळ सोडू नकोस. मी पण पहिल्यांदा हेच केलेलं, सानू तेव्हा १३ ची होती, आता १६ ची आहे. घाबरलेल्या डोळ्याला रक्त नेहमी दसपट दिसतं आणि ओल्या बेसिनमध्ये पसरलं की चमचाभराचा पाट वाहिल्यासारखा वाटतो. आमच्याकडे आता खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ती पारदर्शक टोपी येते ना, २.५, ५, १० च्या खुणा असलेली, तशा तीन टोप्या धुवून ठेवल्यात. एक तिच्या उशाशी, एक कॉलेजच्या बॅगेत, एक गाडीत. त्यात थुंकायचं, मोबाईलवर फोटो काढायचा, वेळ लिहायची. डॉक्टरांना फोन करून "सव्वातीनला ४ मिली, लाल, फेस आहे" असं सांगितलं की त्यांचाही आवाज बदलतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

दुसरी गोष्ट, डोकं दुखलं अंग दुखलं म्हणून कॉम्बिफ्लाम घेतोस का? त्यात आयबुप्रोफेन असतं, त्याने रक्त गोठायला अडथळा येतो. सानूने परीक्षेच्या आठवड्यात मैत्रिणीकडून घेऊन घेऊन चार दिवस खाल्लेली, मला पत्ताच नाही. आता घरात फक्त पॅरासिटामॉल.

आणि व्हिटॅमिन के बघितलंय का कोणी? आपल्या बहुतेक मुलांचं पॅनक्रियाज काम करत नाही, तूप-तेल पचत नाही, मग त्यात विरघळणारी ए डी ई के ही चारी व्हिटॅमिनं पण तशीच वाहून जातात. के कमी पडलं की रक्त नीट गोठत नाही, वर महिनोन्महिने अँटिबायोटिक असतातच, त्यानेही के घटतं. सानूचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढलेला निघाला होता, के चं इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे हिरड्यांतून यायचं तेही थांबलं. जेवताना एन्झाइमच्या कॅप्सूल चुकवत असशील तर आधी ते कबूल कर, डबा खाताना मित्रांसमोर लाज वाटते म्हणून आमच्या बाईसाहेब चुकवायच्या.

नेबचं म्हणशील तर आम्ही रक्त दिसलं की दोन दिवस सगळं बंद ठेवतो, नेब पण आणि फिजिओ पण, शिवाय बर्फाचा तुकडा चघळायला देते. तू केलंस ते बरोबरच केलंस.

---

गोदाकाठचा (मेन रोड)

अडुळशाच्या पानांचा रस आणि मध, सकाळ-संध्याकाळ. रक्तपित्तावर यासारखं दुसरं औषध नाही. आमच्या आजोबांना तीन दिवसांत गुण आलेला. हे इंजेक्शनवाले लोक सांगणार नाहीत.

---

छाती_ठोक (इंदिरानगर)

मी फिजिओथेरपिस्ट, चेस्टचीच कामं जास्त करते, म्हणून हे नाव, हसू नका.

सानूच्या आईंचं मोजण्याचं शंभर टक्के पटलं पण नेब-फिजिओ सरसकट बंद हे पटलं नाही, ताई राग मानू नका. अमेरिकेतल्या सीएफ फाउंडेशनने २०१० मध्ये तज्ज्ञांना बसवून यावर सल्ला काढला होता, त्यात रक्ताच्या मापावरच सगळं ठरवलंय. ५ मिलीपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, तर कफ काढणं थांबवायचं नाही. पहिल्यांदाच आलं असेल किंवा येतच राहिलं तर डॉक्टरांना कळवायचं एवढंच. ५ मिलीच्या वर गेलं की फोन करायचाच आणि बहुतेकदा अँटिबायोटिक चालू होतात. आणि २४ तासांत २४० मिलीच्या वर, म्हणजे मोठा पेला भरून, किंवा रोज १०० मिलीच्या वर असं बरेच दिवस, तर ते भयंकर समजायचं, तेव्हा मात्र फिजिओ, नेब, बायपॅप (श्वासाला मदत करणारं मशीन) सगळं बंद आणि सरळ हॉस्पिटल. मधल्या मापाचं प्रत्येकाचं वेगळं, ते तुझ्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि त्यासाठी तू बंद ठेवलंयस हे आधी त्यांना सांगायला हवं ना दादा! उद्याच्या राउंडला सांग. ते रागावतील, रागावू देत.

कारण काय आहे की रक्त येतंय ते बऱ्याचदा आत इन्फेक्शन भडकलंय म्हणून, ताप नसला तरी. कफ आत साठवून ठेवलास तर ज्या आगीमुळे रक्त आलं तिलाच लाकडं घातल्यासारखं. अँटिबायोटिक हेच रक्ताचं औषध आहे. ट्रॅनेक्सामिक फक्त धरलेली गुठळी लवकर विरघळू देत नाही, मूळ काही बरं करत नाही.

पद्धत मात्र बदलावी लागते. पाठीवर थापट्या मारणं, डोकं खाली करून झोपवणं हे आत्ता नको. श्वासाचा व्यायाम करून हळूहळू कफ वर आणायचा, हफ करायचा, म्हणजे आरशावर वाफ सोडतो तसं हाऽ करून, घसा फाडून खोकायचं नाही. तुमच्या हॉस्पिटलातल्या फिजिओला "ॲक्टिव्ह सायकल" म्हटलं की कळेल.

आणि हे लिहून भिंतीला लाव: मोठं रक्त आलं तर ज्या बाजूला बुडबुड होते त्या कुशीवर झोपायचं. तुझी उजवी, तर उजव्या कुशीवर. म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. लोक नेमकं उलटं करतात, दुखरी बाजू वर ठेवतात. १०८ ला फोन करताना "खोकल्यातून रक्त, सीएफचा पेशंट, टीबी नाही" असं एका दमात सांगायचं. रक्त काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं, उलटीतून आलं तर ते पोटातलं असू शकतं, सीएफमध्ये लिव्हरही बिघडतं, तेही वेगळं सांगायचं. नाकात पॉलिप असेल तर तिथूनही घशात उतरतं.

बर्फाने काही बिघडत नाही, पण काही होतही नाही.

---

गोदाकाठचा

अडुळशाबद्दल कोणी बोललं नाही.

---

छाती_ठोक

काका, अडुळशाला माझा विरोध नाही, कफाच्या औषधांत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. पण याच्या फुफ्फुसात सुडोमोनाससारखा जंतू बसलाय आणि धमनी फुटलीय, रसाने ती शिवली जात नाही. आणि सलाईनमधून दोन-दोन औषधं चालू असताना डॉक्टरांना न सांगता पानांचा रस पाजू नये एवढंच. आजोबांना सीएफ नव्हता.

---

वेलीवरचा (पिंपळगाव बसवंत)

भावा, मी ३१ चा, सीएफ, आणि एम्बोलायझेशन दोनदा झालंय, २०२१ आणि २०२४. आमची द्राक्षाची बाग आहे म्हणून मला जसं समजलं तसंच सांगतो.

आधी ही भीती काढ की शीर बंद केली तर फुफ्फुस मरेल. मी पण डॉक्टरांना हेच विचारलं होतं. फुफ्फुसाला दोन वाटांनी रक्त जातं. एक मोठी पल्मनरी, हृदयाच्या उजव्या बाजूकडून ऑक्सिजन भरून घ्यायला येते, तिचं प्रेशर कमी, २५ च्या आसपास. दुसऱ्या बारीक ब्राँकियल धमन्या, थेट महाधमनीतून निघतात, श्वासनळ्यांच्या भिंतीला पोसायला, त्यांना प्रेशर अंगातल्या बाकी धमन्यांसारखंच १२० चं. वर्षानुवर्षं इन्फेक्शन असलं की या बारीक धमन्या जाड होतात, वेड्यावाकड्या वाढतात. पहिल्या वेळी डाय, म्हणजे धमन्या स्क्रीनवर दिसाव्या म्हणून सोडतात ते औषध, सोडला ना तेव्हा मला माझी बघायला मिळाली, छाटणी न केलेल्या वेलीसारखी नुसती गुंतवळ, आणि बापाने बघितली असती तर कात्रीच घेऊन आला असता. बहुतेकांचं रक्त याच धमन्यांमधून येतं, ठिबकच्या बारीक नळीला मेन लाइनचं प्रेशर दिल्यावर काय होतं तुला सांगायला नको. मोठी वाट चालूच राहते म्हणून ही बंद करता येते.

आता प्रत्यक्ष. आधी सीटी अँजिओ काढतात, कुठली धमनी कुठून निघालीय ते बघायला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी बघतात, आपल्याला अमिकासिन, टोब्रामायसिन ही अँटिबायोटिक दिलेली असतात, ती किडनीला जड, त्यात परत डाय, म्हणून. तू पण तुझा रिपोर्ट विचारून घे. कॅथलॅब तीच, अँजिओप्लास्टीवाली. मी पूर्ण जागा होतो. मांडीच्या सांध्यात भूल देतात तेव्हा चटका, मग नुसता दाब कळतो. डाय गेला की छातीत गरम चहा सांडल्यासारखं वाटतं, आणि तेव्हाच नेमकं खोकला येतो आणि ते म्हणतात हलू नका, ते सगळ्यात अवघड. मी आधीच सांगून ठेवलेलं की मला सपाट झोपवलं तर दम लागतो, त्यांनी पाठीखाली थोडी उशी दिली. मग त्या नळीतून वाळूच्या बारीक कणीसारखे कण सोडतात, ते जाऊन धमनीत अडकतात. मणक्याच्या मज्जारज्जूला जाणारी एक शीर कधीकधी याच धमनीतून निघते, कण तिच्यात गेले तर पाय लुळे पडू शकतात, क्वचित होतं पण होतं, सहीच्या कागदावर लिहिलेलं असतं. आईने ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं होतं. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं की ती शीर कुठे आहे ते बघितल्याशिवाय आम्ही सोडतच नाही, मग सही झाली. माझं पहिलं दीड तास चाललं.

नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, लघवी पण तिथेच, ती एक शिक्षाच. दोन-तीन दिवस छातीत दुखलं, थोडा ताप, गिळताना मधोमध टोचायचं, हे सांगितलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. रक्त त्याच दिवशी थांबलं.

कायमचं का? नाही. वेलीला खरड छाटणी केली तरी फुटवा येतोच ना. इन्फेक्शन राहिलं की शरीर नव्या वाटा काढतं, बरगड्यांच्या धमन्यांतून वगैरे. माझं तीन वर्षांनी परत केलंच. पण त्या तीन वर्षांत मी दोन हंगाम बाग बघितली.

खर्चाचं म्हणशील तर ॲडमिट आहेस तिथेच आरोग्यमित्राला विचार, महात्मा फुले योजनेत ते बसतं का, रेशनकार्ड घरून मागवून ठेव, डिस्चार्जच्या दिवशी धावपळ नको. आणि बाहेर सिंहस्थाच्या कामांनी सगळीकडे खोदलंय, धुळीत टू-व्हीलरवर फिरत असशील तर मास्क लाव, मी पंचवटीतून आलो की दोन दिवस कफ काळा येतो.

---

खारट_पोरगा

दादा तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, पेन खाली ठेवल्याच्या जागेवर ती रडली पण नंतर म्हणाली त्यांना विचार घरी काय खातात. छाती_ठोक ताई, राउंडला सांगितलं, डॉक्टर रागावले नाहीत, नुसते म्हणाले मला वाटलंच. आजपासून हफ चालू केलं, सलाईनचं नेब उद्यापासून. पहिल्या हफला नुसता जुना तपकिरी कफ आला आणि मी तो पाच मिनिटं बघत बसलो, वेड्यासारखा.

वेलीवरचे दादा, पिंपळगाव काय लांब आहे, डिस्चार्ज झाला की येऊ का भेटायला? सीएफवाला माणूस मी अजून एकही प्रत्यक्ष बघितलेला नाही.

---

वेलीवरचा

नको रे भावा. मनापासून बोलावलं असतं पण माझ्याकडे जे जंतू आहेत ते तुला नकोत आणि तुझे मला नकोत.

---

छाती_ठोक

हो, हे मी सांगणारच होते. दोन सीएफच्या पेशंटनी एका खोलीत बसायचं नाही, उघड्यावर सुद्धा सहा फूट अंतर. सुडोमोनास, बर्कहोल्डेरिया एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तुमचा आजार असा आहे की ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्यालाच भेटता येत नाही. व्हिडिओ कॉल करा.

---

सानूची_आई

ताई, राग कसला, आजच सानूच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, तिचं कधी २ मिलीच्या वर गेलेलंच नाही तर बंद कशाला ठेवता म्हणाले. तीन वर्षं उगाच ठेवत होते. सानू म्हणते बर्फ मात्र चालू ठेव.

बाळा, एक विचारायचं राहिलं, तुझी जीन टेस्ट झालीय का? ती ट्रायकाफ्टा गोळी, २०१९ पासून अमेरिकेत आहे, ती घेतल्यावर बऱ्याच जणांचा कफच पातळ होतो, पण ती ठराविक म्युटेशनलाच चालते आणि आपल्याकडे दुकानात मिळत नाही, किंमत तर विचारूच नकोस. तरी रिपोर्ट हातात असावा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सीएफ आहे, ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, अर्ज ठरवून दिलेल्या केंद्रातूनच करायचा, आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईचं केईएम. आम्ही कागद जमवतोय. मिळेल का ते देव जाणे, पण झेरॉक्सच्या दुकानदाराशी ओळख झाली.

---

खारट_पोरगा

उशिरा लिहितोय, १४ दिवस संपले, घरी येऊन आठवडा झाला. आयएनआर थोडा वाढलेला निघाला होता, के चालू केलंय, सानूच्या आईंचं बरोबर होतं. डब्यातल्या कॅप्सूलबद्दल पण बरोबर होतं, ते जाऊ द्या.

परवा पहाटे परत बुडबुड झाली. उजवीकडेच. मी उठून बसलो आणि टोपी घेऊन तोंडाशी धरली, हात थरथरत होते पण धरली. आई धावत आली, मी खुणेनेच बेसिनकडे जाऊ नको म्हणालो. आलं, थांबलं. तिने टोपी खिडकीपाशी उजेडात नेली, चष्मा लावला, डोळ्यांच्या रेषेत धरून बघितलं, फोटो काढला आणि डॉक्टरांना फोन केला. "तीन मिली," म्हणाली, "तीनला पण जरा कमीच." ते म्हणाले नेब चालू ठेवा, सकाळी या.

मग तिने दिवा लावला.